पीसवाइज फंक्शनचा आलेख आमच्या आलेखवहीवर कसा काढावा

गिरगावातील आमच्या दुकानात आलेखवही घ्यायला येणारे अकरावीचे विद्यार्थी, आणि पुष्कळदा त्यांचे पालकही, पीसवाइज फंक्शनचा आलेख नेमका कोठून सुरू करायचा, असे विचारतात. गल्ल्यावर उभ्या उभ्या ते नीट सांगता येत नाही, म्हणून हे माहितीपत्रक वहीसोबत विनामूल्य देत आहोत.

ज्या फंक्शनमध्ये क्षच्या वेगवेगळ्या किमतींसाठी वेगवेगळे नियम लागू होतात, त्याला पीसवाइज फंक्शन म्हणतात. मुंबईकराला त्याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. १ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेल्या दरांनुसार काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे पहिल्या दीड किलोमीटरचे भाडे ३१ रुपये आणि त्यापुढे दर किलोमीटरला २०.६६ रुपये आहे. अंतर क्ष आणि भाडे य मानल्यास, क्ष शून्यापेक्षा मोठा आणि १.५ पर्यंत असताना य = ३१, तर क्ष १.५ पेक्षा मोठा असताना य = ३१ + २०.६६(क्ष − १.५). पहिला तुकडा आडवा येतो आणि दुसरा त्याच्या टोकापासून वर चढत जातो. (प्रत्यक्षात मीटर टप्प्याटप्प्याने पडतो, त्यामुळे खरा आलेख पायऱ्यापायऱ्यांचा होईल, सोयीसाठी येथे सरळ रेषा धरली आहे.)

अनेक जण दुसरा नियम ३१ + २०.६६क्ष असा लिहितात आणि दीड वजा करायचे विसरतात. तसा आलेख काढल्यास दीड किलोमीटर ओलांडताच भाडे ३१ वरून एकदम ६२ च्या घरात गेलेले दिसते, आणि असे मीटर कोणताही प्रवासी चालवून घेणार नाही. योग्य नियमाची तिरपी रेषा मागे वाढवली, तर ती जवळजवळ आरंभबिंदूतून जाते, कारण २०.६६ ला १.५ ने गुणले की ३०.९९ येतात, किमान भाडे म्हणजे दीड किलोमीटरचेच पूर्ण भाडे असते.

आता परीक्षेत विचारतात त्या धर्तीचे एक उदाहरण पाहू. क्ष हा −१ पेक्षा लहान असताना य = क्ष + ३; क्ष −१ ते २ या दरम्यान, दोन्ही टोके धरून, असताना य = क्ष²; आणि क्ष २ पेक्षा मोठा असताना य = ६ − क्ष. येथे पहिली रेषा ओढण्याआधी सीमांचा निकाल लावावा, असे आम्ही आवर्जून सुचवतो. क्ष-अक्षावर −१ आणि २ येथे पेन्सिलीने फिकट उभ्या रेषा मारा, म्हणजे कागदाचे तीन पट्टे होतील आणि प्रत्येक पट्ट्यात एकच नियम राहील. त्यानंतर प्रत्येक सीमेवर दोन्ही बाजूंच्या नियमांची किंमत काढा. जो नियम त्या सीमेवर लागू होत नाही, त्याचीसुद्धा. क्ष = −१ येथे पहिला नियम २ देतो, पण ती सीमा त्याच्या वाट्याला आलेली नाही, म्हणून (−१, २) येथे पोकळ वर्तुळ काढावे. दुसरा नियम तेथे १ देतो आणि सीमा त्याचीच आहे, म्हणून (−१, १) येथे भरीव ठिपका द्यावा. क्ष = २ येथे मात्र दोन्ही नियम ४ च देतात; तिसऱ्या तुकड्याचे पोकळ वर्तुळ दुसऱ्याच्या भरीव ठिपक्याखाली झाकले जाते आणि आलेख तेथे न तुटता पुढे जातो.

पहिल्या आणि तिसऱ्या पट्ट्यातील रेषांसाठी सीमेवरच्या बिंदूशिवाय आणखी एक बिंदू पुरतो: पहिल्यासाठी (−४, −१) आणि तिसऱ्यासाठी (६, ०) घ्या. मधल्या पट्ट्यात घाई करू नये. क्ष² चा आलेख वक्र असल्याने −०.५, ०, ०.५, १ आणि १.५ या किमतीही घ्याव्यात. दोन्ही अक्षांवर १ सेंटिमीटर = १ एकक हे प्रमाण घेतल्यास आमच्या वहीतील १ मिलिमीटरचे प्रत्येक लहान घर ०.१ एककाचे होते; म्हणून क्ष = १.५ साठीचा २.२५ हा बिंदू क्ष-अक्षापासून साडेबावीस घरे वर येईल. हे बिंदू पट्टीने जोडू नयेत, हातानेच गोलाई द्यावी.

आलेख पूर्ण झाल्यावर पट्टी उभी धरून डावीकडून उजवीकडे सरकवत न्या. एकाच उभ्या रेषेत दोन भरीव ठिपके आले, किंवा −१ येथील तुटलेली दोन टोके उभ्या रेषेने जोडली गेली असली, तर ते फंक्शन राहत नाही, कारण क्षच्या एका किमतीला यची एकच किंमत असू शकते. हा दोष परीक्षकाच्या नजरेतून सहसा सुटत नाही. अनंतापर्यंत जाणाऱ्या टोकांना बाण काढावेत. टॅक्सीच्या आलेखात अंतर ऋण नसल्याने डावीकडे बाण येणार नाही, तेथे (०, ३१) वर पोकळ वर्तुळ येईल.

पोकळ वर्तुळ साधारण दोन लहान घरांएवढे ठेवावे आणि पेन्सिलीला बारीक टोक असावे. छपाईत एखाद्या पानावरील रेघा पुसट किंवा तिरक्या आल्या असतील, तर त्यावर काही लिहिण्याआधी वही दुकानात आणावी. ती बदलून दिली जाईल.