मादाम आल्फ्रेड कारिएर : पांढऱ्या वेलगुलाबाची निगा

रोप नेल्यावर दुसऱ्या वर्षी बहुतेक ग्राहक विचारतात, "वेल गच्चीला पोचली, पण फुलं का नाहीत?" याचं उत्तर बहुधा खतात नसतं, बांधणीत असतं.

फांदी सरळ वर जाऊ दिली की शेंडा खालच्या डोळ्यांना, म्हणजे फांदीवर जिथून नवे कोंब फुटतात त्या जागांना, दाबून ठेवतो आणि फुलं फक्त टोकाला येतात. तीच फांदी आडवी केली की तिच्यावरचे बहुतेक डोळे फुटतात, आखूड फांद्या निघतात आणि प्रत्येकीच्या टोकाला फुलं धरतात. म्हणून भिंतीपासून चार बोटं अंतर ठेवून आडव्या तारा ताणा आणि फांद्या पंख्यासारख्या पसरवा. कोवळी, हिरवी फांदीच वाकते. जून फांदी कडकन मोडते. दुपारी, पाणी देण्याआधी फांद्या जरा मऊ असतात, तेव्हा हे काम करा. बांधायला तार नको, जुन्या सुती कापडाची पट्टी घ्या. तिला आठच्या आकड्यासारखा पीळ द्या, म्हणजे फांदी जाड झाली तरी काचणार नाही.

हा वाण फ्रान्समधल्या लियोंच्या जोसेफ श्वार्त्झ यांचा, १८७९ सालचा. कळी किंचित गुलाबी, फूल दुधाळ पांढरं, सुवास भरपूर आणि काटे कमी, त्यामुळे दारावरच्या कमानीला आम्ही हाच सुचवतो. तो नॉयझेत गटातला. कस्तुरी गुलाब आणि चिनी गुलाब यांच्या संकरातून हा गट अमेरिकेतल्या चार्ल्सटनला सुरू झाला. वर्षातून पुन्हापुन्हा फुलणं चिनी गुलाबाकडून आलं, उंच वाढ कस्तुरीकडून. गारठ्यापेक्षा उबदार हवा या गटाला मानवते. वेल पंधरा-वीस फूट सहज जाते, तेव्हा जागा आधीच बघून ठेवा.

खड्डा दोन फूट लांब, रुंद, खोल. काळी माती असेल तर पाणी साचू नये म्हणून मुरूम मिसळा. शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घाला. सकाळचं ऊन हवंच. पश्चिमेची तापणारी भिंत मात्र टाळा.

पहिली दोन वर्षं छाटणी करू नका, फक्त वाळलेलं काढा. पुढे पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात आखूड फांद्या दोन-तीन डोळ्यांवर कापा आणि सगळ्यांत जुनी एखादी फांदी बुंध्यापासून काढा. साधारण दीड महिन्यात फुलं येतात. सुकलेले झुबके लगेच खुडले तर पुढचा बहर लवकर धरतो. पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके आले तर ती पानं वेचून जाळा, आणि पाणी मुळाशीच द्या.

आमची रोपं डोळा भरून केलेली आहेत, म्हणजे या वाणाचा डोळा दुसऱ्या गुलाबाच्या मुळं धरलेल्या खुंटावर जोडलेला आहे. जोडाच्या खालून जोमदार फूट आली तर ती खुंटाची असते. वरून कापू नका, माती सारून मुळाशी ओढून काढा. ओळखता आली नाही तर पानासकट फोटो पाठवा, आम्ही बघून सांगतो.