इंटरनेटला राष्ट्राची सीमा : रशियाचा प्रयोग

आपल्या देशातील इंटरनेटवर हुकूमत गाजवणे सरकारला कितपत जमेल, हे बऱ्याच अंशी त्या देशातील जाळ्याच्या ठेवणीवर ठरते. इजिप्तमध्ये जानेवारी 2011 च्या अखेरीस मोजक्या सेवापुरवठादारांना आदेश दिले गेले आणि काही मिनिटांत जवळजवळ सारा देश जगापासून तुटला. चीनने परदेशी जोडण्या आरंभापासूनच थोड्या ठरावीक दरवाजांतून नेल्या. रशियात मात्र सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर हजारो लहानमोठ्या कंपन्यांनी सरकारची फारशी लुडबुड नसताना हे जाळे विणले, त्यामुळे एकच कळ दाबून ते बंद करण्याची सोय तिथे नव्हती.

याचा प्रत्यय एप्रिल 2018 मध्ये आला. टेलिग्रामवर बंदी घालण्याचा आदेश निघताच त्या कंपनीने आपला कारभार अॅमेझॉन आणि गूगल यांच्या भाडोत्री सर्व्हरांवर हलवला. मग रोस्कोम्नाद्झोर या नियामक संस्थेने त्या सर्व्हरांचे दीड कोटीहून अधिक आयपी पत्तेच, म्हणजे इंटरनेटवरील यंत्रांचे ओळखक्रमांकच, रोखले. त्यात टेलिग्रामशी काडीचाही संबंध नसलेल्या सेवा कोलमडल्या, टेलिग्राम मात्र चालूच राहिले.

पुढच्याच वर्षी 'सार्वभौम इंटरनेट' कायदा झाला आणि 1 नोव्हेंबर 2019 पासून तो अमलात आला. परकीयांनी रशियाला जगाच्या जाळ्यातून तोडले, तरी देशांतर्गत व्यवहार चालू राहावेत, हा त्याचा जाहीर हेतू होता. त्यासाठी पत्त्यांच्या नोंदींची राष्ट्रीय यंत्रणा उभारायची होती. शिवाय प्रत्येक सेवापुरवठादाराच्या जाळ्यात नियामकाच्या ताब्यातील उपकरणे बसवायची होती आणि खरी मेख तिथेच आहे. हे उपकरण जाणाऱ्या-येणाऱ्या पॅकेटांच्या, म्हणजे माहितीच्या छोट्या तुकड्यांच्या, पोटात डोकावते. संकेतस्थळाशी होणारी देवाणघेवाण सांकेतिक असली, तरी जोडणी जुळवताना संकेतस्थळाचे नाव सहसा उघडेच पाठवले जाते. ते वाचून उपकरण जोडणी तोडते किंवा तिचा वेग पाडते, आणि सेवापुरवठादाराला त्यात हस्तक्षेप करता येत नाही.

मार्च 2021 मध्ये ट्विटरवर याचा पहिला मोठा प्रयोग झाला. संशोधकांच्या मोजणीनुसार वेग सेकंदाला 130 ते 150 किलोबिटवर आला होता. लघुदुव्यांसाठी ट्विटर जो पत्ता वापरते, त्यात टी, टिंब, सी आणि ओ एवढीच अक्षरे आहेत. नियम लिहिणाऱ्याने पूर्ण नाव जुळवण्याऐवजी नावात कुठेही हा तुकडा सापडला तरी पुरे, असे ठरवले असावे. रेडिट आणि मायक्रोसॉफ्ट या दोन्ही नावांच्या शेवटी टी येतो आणि त्यापुढे डॉट कॉम, त्यामुळे त्यांची संकेतस्थळेही मंदावली. सार्वभौमत्वाची भाषा कितीही भारदस्त असली, तरी तिची अंमलबजावणी अशा एका ओळीच्या नियमावर येऊन ठेपते.

ज्या परकीय धोक्याचा कायद्याने बाऊ केला होता, तो 2022 मध्ये दाराशी आला. रशियाचे डोमेन, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी येणारे देशाचे नाव, रद्द करावे, अशी विनंती युक्रेनने आयकॅन या संस्थेला केली. जगभरच्या इंटरनेट पत्त्यांची मुळाशी असलेली यादी ही संस्था सांभाळते. आपले काम तटस्थ राहण्याचे आहे, असे सांगून तिने मार्चच्या आरंभीच नकार दिला. उपकरणांचा रोख मात्र आतल्या बाजूलाच राहिला. 2024 च्या उन्हाळ्यात यूट्यूब संथ झाले, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दागेस्तानसह उत्तर कॉकेशसमधील काही प्रजासत्ताकांत परदेशी सेवा तोडून पाहण्याची चाचणी खुद्द रोस्कोम्नाद्झोरने घेतली.