कॉपी फुकट होती तेव्हापासून

कॉपीरायटर, म्हणजे जाहिरातीचा मजकूर (कॉपी) लिहिणारा, बढती मिळवत क्रिएटिव्ह डायरेक्टर, म्हणजे एजन्सीतल्या लेखक-चित्रकारांचा प्रमुख, होतो, हे आज नेहमीचं वाटतं. पूर्वी ही वाटच नव्हती, आणि त्याचं कारण हिशेबात होतं. वर्तमानपत्रात 1,00,000 रुपयांची जागा घेतली की जाहिरात एजन्सी 15 टक्के कमिशन ठेवून 85,000 भरायची. क्लायंट पैसे मोजायचा ते जागेचे. मजकूर आणि चित्र त्या 15,000 मध्येच आलं. ज्याचं वेगळं बिल होत नाही, त्याला मान कुठला? काम आणणारा मोठा, कॉपीरायटर मागच्या खोलीत. त्याने टाइप केलेला कागद आर्टिस्टकडे जायचा आणि लेआउट होऊन परत यायचा. दोघांची गाठ पडायचीच असं नाही.

1949 साली न्यूयॉर्कमध्ये डॉयल डेन बर्नबाक ही एजन्सी निघाली. तिथे बिल बर्नबाक यांनी लेखक आणि आर्ट डायरेक्टरची जोडी एकत्र बसवली. आता कल्पना कोणाची हे सांगणं कठीण झालं, आणि शब्द व चित्र दोन्ही पारखणारा माणूस लागू लागला. क्रिएटिव्ह डायरेक्टरच्या खुर्चीचं वजन तिथून वाढलं.

इकडे बडोद्यात चित्राची बाजू आधीच भक्कम होती. 1890 मध्ये कलाभवन सुरू झालं. दादासाहेब फाळके तिथे शिकले. 1907 मध्ये अलेंबिक या औषध कंपनीचा कारखाना निघाला, 1950 मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला शाखा. कारखाने होते, चित्रकार होते. लिहिणारा मात्र मुंबईचा आणि बहुधा इंग्रजीत लिहिणारा. गुजरातीत यायचा तो तर्जुमा, आणि तर्जुमा केलेली हेडलाइन कानाला लगेच कळते.

हे मोडलं ते आवाजाने. 1967 मध्ये विविधभारतीवर आणि 1976 मध्ये दूरदर्शनवर जाहिराती आल्या. तीस सेकंदांत जेमतेम साठ-पासष्ट शब्द मावतात, तेही सहज बोलता येणारे. बोली येणाऱ्याला भाव आला. 1980 मध्ये मुद्रा ही जाहिरात एजन्सी निघाली ती थेट अहमदाबादेत, बडोद्याहून शंभरेक किलोमीटरवर.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मराठी घरातल्या मुलाला इथे फायदाही आहे नि खड्डाही. घरी मराठी, बाहेर गुजराती, स्क्रिप्ट हिंदीत. पण 'चोखा माल' असं गुजरातीत लिहून बसला तर वाचणाऱ्याला तांदूळ दिसतो. तिथे हवं 'चोख्खो'. शब्द ओळखीचा वाटतो, म्हणूनच ही चूक प्रूफातही सुटते. गुजराती मजकूर गुजराती माणसाकडून मोठ्याने वाचून घ्यावा, त्याला दुसरा इलाज नाही.

पुढच्या पायऱ्या मोठ्या एजन्सीत ठरलेल्या: ट्रेनी, कॉपीरायटर, सीनियर, ग्रुप हेड, मग डायरेक्टर. गावातल्या छोट्या एजन्सीत एकच माणूस सकाळी स्लोगन लिहितो, दुपारी प्रूफ तपासतो. नामवंत जाहिरातकार पियूष पांडे तर 1982 मध्ये ओगिल्वी या एजन्सीत क्लायंट सर्व्हिसिंगमध्ये, म्हणजे क्लायंटशी बोलणी सांभाळणाऱ्या विभागात, लागले आणि नंतर क्रिएटिव्हला आले, म्हणजे शिडी एकच नाही.

बढतीनंतर लेखक घसरतो तो एकाच ठिकाणी: तो ज्युनिअरची ओळ स्वतःच नव्याने लिहितो. महिन्याभरात ज्युनिअर कच्चं आणून टाकायला लागतात, कारण साहेब दुरुस्त करणारच असतात. वीस हेडलाइन आल्या तर तीन ठेवाव्यात. बाकीच्या का गेल्या, ते ब्रीफमधल्या, म्हणजे जाहिरातीत काय हवं ते सांगणाऱ्या टिपणातल्या, नेमक्या वाक्यावर बोट ठेवून सांगावं आणि कागद परत द्यावा. पेन खिशातच राहू द्यावं.