टोन टाकलास का?

मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकीटॉकी विकणाऱ्या १३ ऑनलाइन मंचांना नोटिसा धाडल्या. संच कोणत्या वारंवारतेवर चालतो, परवाना लागतो का, सरकारी मान्यता आहे का, यातलं काही न सांगता विक्री चालली होती. नोटिसा योग्यच होत्या. मला मात्र अशा जाहिरातींमधला आणखी एक शब्द खटकतो: ‘प्रायव्हसी कोड’. हा कोड टाकला की आपलं बोलणं तिसऱ्या कुणाला ऐकू जात नाही, असं लोकांना वाटतं. ते साफ चूक आहे. आणि नव्या हॅमची, म्हणजे परवाना घेऊन छंद म्हणून रेडिओवर बोलणाऱ्याची, वाट अडते तीही बहुतेक वेळा याच कोडपाशी.

माझी अडलीच होती. परवाना आणि कॉलसाइन (हवेतलं अधिकृत ओळखनाव) मिळाल्यावर मी बाओफेंग यूव्ही-५आर हा छोटा संच घेतला. अशा संचात जवळजवळ सगळा रेडिओ एका चिपमध्ये मावतो, म्हणूनच तो इतका स्वस्त. गच्चीवर गेलो, रिपीटरवरच्या गप्पा स्वच्छ ऐकू येत होत्या. मी हाक मारली की मात्र शांतता. आठवडाभर अँटेनाला दोष दिला. शेवटी एका ज्येष्ठ हॅमनी फोनवर एवढंच विचारलं, “टोन टाकलास का?”

रिपीटर म्हणजे उंचावर बसवलेला मध्यस्थ. तो एका वारंवारतेवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर तेच बोलतो. १४४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात या दोहोंत सहसा ६०० किलोहर्ट्झचं अंतर असतं. त्याचे कान रात्रंदिवस उघडे. कुठल्याही खरखरीला, दूरच्या कुठल्याही संचाला तो प्रतिसाद देऊ लागला तर दिवसभर निरर्थक बडबडत राहील. म्हणून तो ओळख मागतो. आवाजाच्या जोडीला संचाने एक खालच्या पट्टीतला अखंड गुणगुणाट पाठवायचा. ६७ ते २५४.१ हर्ट्झच्या दरम्यानचे काही ठरलेले स्वर आहेत, त्यांपैकी एक. तो सापडेपर्यंत रिपीटर मुका. याचं तांत्रिक नाव सीटीसीएसएस. आम्ही नुसतं टोन म्हणतो. जाहिरातींतला ‘प्रायव्हसी कोड’ तो हाच.

मग हा गुणगुणाट आपल्याला ऐकू का येत नाही? संच साधारण ३०० हर्ट्झखालचं सगळं स्पीकरकडे जाण्याआधी गाळून टाकतो. पण पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वरही बहुधा शंभर ते दीडशे हर्ट्झच्या आसपास असतो. तोही गाळला जातो, तरी माणूस आवाजावरून ओळखू येतो! तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली की गांधार ऐकू येतो, तो त्या तारेचाच पाचवा अंश, म्हणजे मूळ स्वराच्या पाचपट वारंवारतेचा स्वर. तिथे मूळ स्वरासोबत त्याचे अंश कानी पडतात. इथे मेंदू नुसत्या अंशांवरून हरवलेला मूळ स्वर उभा करतो. जुन्या टेलिफोनवरही हेच घडत होतं. या मोकळ्या राहिलेल्या तळमजल्यावर टोनची सोय झाली, ही कल्पना मला आजही विलक्षण वाटते.

आता थोडं गणित. ८८.५ आणि ९१.५ हे शेजारचे टोन. फरक ३ हर्ट्झचा, आणि रिपीटरला तो ओळखावा लागतो. दोन ढोलवादकांची लय किंचित वेगळी असेल तर पहिल्या चार ठोक्यांत ते कळत नाही, फरक साठायला वेळ लागतो. एक तृतीयांश सेकंदात पहिल्या टोनची २९.५ आवर्तनं होतात, दुसऱ्याची ३०.५. तेव्हा कुठे अख्ख्या एका आवर्तनाचं अंतर पडतं. चांगलं सर्किट निर्णय थोडा लवकर घेईल, पण हा वेळ शून्यावर आणता येत नाही. वारंवारता जितकी बारकाईने मोजायची, तितका वेळ ऐकावं लागतं. म्हणून बटण दाबा, एक श्वास घ्या, मग बोला. नाहीतर भारतीय कॉलसाइनच्या सुरुवातीचा ‘व्हीयू’ गिळला जातो. आणखी एक: यादीत १००.० हर्ट्झचाही टोन आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे वीजपुरवठ्याची घरघर बरोबर १०० वर येते. नवा रिपीटर उभारणाऱ्यांनी हा टोन टाळलेला बरा.

तर टोन ही ऐकणाऱ्याच्या कानावरची कडी आहे. तुमचा आवाज हवेत उघडाच असतो; ज्याने आपल्या संचावर टोन लावलेला नाही त्याला सगळं ऐकू येतं. मोटोरोलाने या सोयीला ‘प्रायव्हेट लाइन’ असं व्यापारी नाव दिलं होतं, तिथूनच गैरसमजाला खतपाणी मिळालं असावं. हॅमना तर सांकेतिक भाषेत गुप्त बोलण्याची मुभाच नाही.

यूव्ही-५आरवर मेनू १३ म्हणजे पाठवायचा टोन आणि ११ म्हणजे ऐकण्याचा. सुरुवातीला फक्त १३ भरा, ११ बंद ठेवा. रिपीटरच्या दोन वारंवारतांमधल्या फरकाची दिशा (वर की खाली) २५ मध्ये, अंतर २६ मध्ये. संच संगणकाला जोडायची केबल असेल तर चर्प ही मोफत संगणक प्रणाली वापरा. पण काहीही बदलण्याआधी संचातली मूळ माहिती उतरवून जपून ठेवा. तिथल्या रकान्यात ‘टोन’ निवडलं तर तो फक्त पाठवला जातो, ‘टीएसक्यूएल’ निवडलं तर ऐकण्यावरही कडी बसते.

हा संच १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झवर बोलू शकतो. भारतात हॅमसाठी त्यातले १४४–१४६ आणि ४३४–४३८ एवढेच. बाकीच्या जागी इतरांचं, कधी पोलिसांचं काम चालतं. मेमरीत ते भरूच नका. आणि परवान्याआधी बटण दाबायचं नाही, नुसतं तपासायलासुद्धा. वयाची १२ वर्षं पूर्ण झाली की परीक्षा देता येते, आणि परवान्याच्या प्रतिबंधित श्रेणीला मोर्स (टिंब-रेघांची लिपी) लागत नाही.

माझ्या मेमरीतल्या पाच ओळी मात्र कुठल्याच डोंगरावरच्या रिपीटरसाठी नाहीत. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचा रिपीटर सुरू असतो तेव्हा १४५.९९० वर ऐकतो, ४३७.८०० वर बोलतो आणि ६७.० चा टोन मागतो. स्थानक जवळ येताना डॉप्लरमुळे (वेगामुळे वारंवारता बदललेली भासते) त्याची वारंवारता सुमारे १० किलोहर्ट्झ वर सरकते, लांब जाताना तितकीच खाली. म्हणून ४३७.८१०, .८०५, .८००, .७९५, .७९०. दहा मिनिटांत पाचही ओळी क्रमाने पुढे सरकवायच्या, आणि प्रत्येकीत पाठवायचा टोन तोच, ६७.०.