पडलेल्या झाडाच्या फळ्या: ओंडका आणण्यापूर्वी हे वाचा

बरीच वर्षं पडून असलेला ओंडका बाहेरून टाकाऊच वाटतो. साल सुटलेली, वरचं लाकूड भुसभुशीत, जागोजागी किडीची भोकं. तेवढ्यावरून तो जळणात घालू नका. सड आणि कीड आधी लागते ती सालीलगतच्या फिकट थराला, कारण किडीचं खाद्य तिथेच असतं. टणक जातीच्या झाडाचा आतला गडद गाभा पुष्कळदा शाबूत असतो. हातोडीने ठिकठिकाणी ठोकून पाहा. खणखणीत आवाज आला तर उत्तम. बद्द आवाज आला तरी एकदा आम्हाला दाखवा. पोकळ ओंडक्याच्या जाड भिंतीतूनही कामाच्या फळ्या निघतात.

ओंडका नुकताच पडला असेल तर दोन्ही टोकांना लगेच मेण किंवा घट्ट ऑइल पेंट लावा. लाकडातलं पाणी बाजूंपेक्षा टोकांतून 10 ते 15 पट वेगाने उडतं आणि चिरा तिथूनच आत जातात. जुन्या ओंडक्याला त्या आधीच पडलेल्या असतात, म्हणून हव्या लांबीपेक्षा दोन्हीकडे किमान अर्धा फूट जादा ठेवा.

60 सेंमी व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा ओला ओंडका 700 किलोच्या आसपास भरतो. तो यंत्रानेच उचलून घ्या. फरफटत आणला की सालीत माती-खडे रुततात आणि पात्याची धार जाते. झाड कुंपणाला किंवा घराला लागून होतं का, तेही सांगा. खोडात गेलेले खिळे आणि तारा वाढत्या लाकडाखाली गडप होतात. कापलेल्या टोकावर निळसर-काळा डाग दिसला तर आत लोखंड असण्याची दाट शक्यता असते.

लाकडाचं काय करायचं आहे, हे कापण्याआधीच ठरवा. लाकूड वाळताना वाढ-वर्तुळांच्या रेषेत जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच मध्याकडे जाणाऱ्या दिशेत आकसतं. सरळ एकामागून एक काढलेल्या फळ्या रुंद आणि देखण्या नक्षीच्या असतात, पण वाळताना त्यांना बाक येतो. ओंडक्याचे चार भाग करून वर्तुळांना आडव्या कापलेल्या फळ्या अरुंद निघतात, नासाडीही जास्त होते. मात्र त्या सरळ राहतात. टेबलाच्या पृष्ठभागाला आणि दारांना आम्ही दुसरी पद्धतच सुचवतो. वर्तुळांचा अगदी मध्य असलेली पट्टी चिरतेच, ती आम्ही वेगळी काढतो. तासून 25 मिमी जाडी हवी असेल तर कापताना 30 ते 32 मिमी ठेवतो.

चांगलं लाकूड सर्वांत जास्त वाया जातं ते वाळवताना, आणि ते काम बहुधा तुमच्याकडे होतं. जागा छपराखालची, वारा खेळता, थेट ऊन नको. खाली सपाट, जमिनीपासून उंच आधार द्या. दोन फळ्यांमध्ये इंचभर जाडीच्या कोरड्या पट्ट्या 40 ते 50 सेंमी अंतरावर ठेवा आणि प्रत्येक थरातली पट्टी खालच्या पट्टीच्या बरोबर वर येऊ द्या. ती सरकली की फळी तिथेच वाकते. वरून वजन ठेवा. थप्पी प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, बुरशी धरते.

एक इंच जाडीला एक वर्ष, हा ढोबळ हिशेब. खात्रीसाठी एकाच फळीचं दर महिन्याला वजन करा. ते घटायचं थांबलं की त्या हवेत लाकूड वाळायचं तेवढं वाळलं. घरातल्या फर्निचरसाठी आर्द्रता 8 ते 12 टक्क्यांवर यावी लागते, त्यासाठी पुढे भट्टी लागू शकते. फळीत ताजा पिठासारखा भुगा दिसला तर भट्टी टाळू नका: लाकूड आतपर्यंत 56 अंश सेल्सिअसला सलग 30 मिनिटं तापलं की कीड मरते.