रफू की ठिगळ?

आभाळ फाटलं तर ठिगळ कुठं कुठं लावणार, असं आपण म्हणतो. रफू कुठं कुठं करणार, असं कुणी म्हणत नाही. म्हणीला फरक ठाऊक आहे. आपण मात्र "जरा रफू कर याला" म्हणतो आणि आतून कापडाचा तुकडा लावून मोकळे होतो. नाहीतर तिसरंच काहीतरी करतो: भोकाच्या दोन्ही कडा ओढून गच्च टाके घालतो. तिथे चुणी पडते, आणि ते ना रफू होतं ना ठिगळ. (शिवण उसवली असेल तर गोष्ट वेगळी. तिथे कापड शाबूत असतं, फक्त दोरा गेलेला असतो. सरळ पुन्हा शिवावं.)

रफू हे खरं तर शिवणकाम नव्हे, विणकाम आहे. कापडात उभे धागे असतात, आडवे धागे असतात. भोक पडतं म्हणजे त्यातले काही तुटून जातात. रफूत आपण ते परत भरतो. आधी भोकावरून नव्या दोऱ्याचे सगळे उभे धागे घालून घ्यायचे, मग आडवा धागा एकाच्या वरून, दुसऱ्याच्या खालून न्यायचा. पुढच्या ओळीत उलट. दोरा कापडाच्याच जाडीचा हवा, आणि सर्वांत चांगला दोरा त्याच कपड्याच्या शिवणीत सोडलेल्या मायेतून, म्हणजे आतल्या जादा कापडातून, उसवून मिळतो. गाठ मारायची नाही, ती टोचते. ओळ संपून वळताना दोऱ्याचा बारीकसा फास सैल सोडायचा, कारण धुतल्यावर नवा दोरा आटतो आणि सगळं आखडतं. मुख्य म्हणजे सुरुवात भोकाच्या कडेपासून नव्हे, निदान एक सेंटीमीटर अलीकडून, धड कापडातून करायची.

ठिगळात गेलेले धागे कुणी परत आणत नाही. जिथे कापड गेलं तिथे दुसरं कापड बसवायचं, एवढंच. तुकडा आधी धुऊन घ्यावा, म्हणजे नंतर आटणार नाही. त्याचे उभे-आडवे धागे मूळ कापडाच्या दिशेने बसवावेत. तिरका कापलेला तुकडा ताणला जातो आणि फुगतो. कोपरे गोल कापावेत, टोकदार कोपरे आधी उचकटतात. आणि तुकडा कोरा, जाड नसावा. विरलेल्या कपड्यावर दणकट ठिगळ लावलं की ताण सगळा ठिगळाच्या कडेवर येतो आणि कपडा बरोबर त्या रेघेवर पुन्हा फाटतो. जुन्याला जुनंच लावावं.

मग कधी काय? बहुतेकांचा हिशोब असा: भोक लहान तर रफू, मोठं तर ठिगळ. मीही तेच धरून चालले होते. एका कुडत्याच्या कोपरावर बोटाच्या पेराएवढं भोक होतं, त्यावर दोन संध्याकाळी घालवून सुरेख रफू केला. दोनदा धुतला आणि रफू जसाच्या तसा राहिला, पण भोवतालचं कापड सुटून आलं. आमच्या शिवणाच्या बैठकीत तो कुडता दाखवला तेव्हा एक आजी म्हणाल्या, "अगं, भोकाकडे काय बघतेस? भोकाच्या कडेला बघ." त्यांनी तो उजेडात धरला, दोन अंगठ्यांनी हळूच ताणला. कोपराभोवती तळहाताएवढा भाग जाळीसारखा दिसत होता. रफूला आजूबाजूला धड धागे लागतात, त्यांनाच तर तो अडकतो. खिळ्याला अडकून फाटलेल्या नव्या शर्टाला म्हणून रफू. झिजून फाटलेल्या कोपराला, गुडघ्याला ठिगळ, तेही विरलेला भाग संपून पुढे दोन सेंटीमीटर जाईल एवढं.

कापड किती ताण सोसेल हे लिहून सांगता येत नाही, ते अंगठ्याला कळावं लागतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये कपड्यांवर रेशनिंग आलं, तेव्हा 1943 मध्ये सरकारने दुरुस्तीची पुस्तिका काढली. तरी जोडीला शिवणाचे वर्गही भरत होते. 2009 मध्ये मार्टिन पोस्टमा यांनी ॲमस्टरडॅमला पहिला रिपेअर कॅफे भरवला, तिथेही वस्तू देऊन निघून जायचं नसतं, जाणकाराच्या शेजारी बसून दुरुस्त करायची असते. बैठकीत बसलं की आणखी एक होतं: घरी लाजून लपवलेला फाटका कपडा तिथे पिशवीतून सहज बाहेर येतो, आणि दुसरीची चूक बघून आपले दोन तास वाचतात.

टी-शर्टला मात्र हा हिशोब लागू नाही. तो विणलेला असतो खरा, पण फासांनी, स्वेटरसारखा; उभे-आडवे धागे त्यात नसतातच. साध्या रफूने तिथे एक ताठ चकती तयार होते, बाकी कपडा ताणला की ती ओढते. त्याला आतून तशाच ताणल्या जाणाऱ्या जुन्या टी-शर्टचा तुकडा लावावा, आणि शिलाई नागमोडी घालावी.

जीन्सच्या गुडघ्यावर तर दोन्ही एकत्र येतात. डेनिमचे उभे धागे निळे, आडवे पांढरे. गुडघ्यावर निळे आधी झिजतात, म्हणून तिथे नुसत्या पांढऱ्या दोऱ्या लोंबताना दिसतात. त्या कापू नका. आतून पातळ तुकडा लावायचा आणि त्या पांढऱ्या धाग्यांच्या वर-खाली निळा दोरा उभा चालवत तुकड्यातही टोचत जायचं. आमच्यात याला काय म्हणायचं यावर अजून एकमत नाही. आजी ठिगळ म्हणतात, मी रफू.