तक्रार दाबली तर प्रिन्सिपलही आरोपी, हे कलम आलं कुठून?

अ‍ॅडमिशनच्या वेळी सायबर कॅफेतून अँटी-रॅगिंगचं अ‍ॅफिडेव्हिट प्रिंट काढतात, मुलगा एक सही करतो, बाप दुसरी, वाचत कोणीच नाही. त्या कागदाच्या मागे बराच इतिहास आहे.

1996 साली तमिळनाडूत चिदंबरमला मेडिकलच्या फर्स्ट इयरच्या पोराचा खून झाला, त्यात सिनियरला अटक झाली आणि राज्य हादरलं, कारण पोराचे वडील मद्रास विद्यापीठाचे कुलगुरू होते. 1997 ला तिथे रॅगिंगविरोधी कायदा आला, आणि 1999 ला आपल्या महाराष्ट्रात.

आपला कायदा छोटासाच आहे. रॅगिंग केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, हे ठीकच, पण खरी गंमत कलम 6 आणि 7 मध्ये आहे. विद्यार्थी, पालक किंवा शिक्षक, कोणीही लेखी तक्रार दिली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, तथ्य दिसलं तर त्या पोराला सस्पेंड करून तक्रार पोलीस स्टेशनला पाठवायची, आणि हे केलं नाही किंवा टाळाटाळ केली तर त्यानेही गुन्ह्याला साथ दिली असं धरायचं. म्हणजे "आपसात मिटवून टाका, करिअरचा प्रश्न आहे" म्हणणारे सर स्वतःच आरोपी.

मजा बघा, 2001 मध्ये सुप्रीम कोर्टाचा सूर मात्र वेगळा होता. मुलांची बेशिस्त आधी कॉलेजनेच हाताळावी, नुसता फौजदारी गुन्हा ठरवून हे थांबणार नाही, असं कोर्ट म्हणालं. माझ्या मते कॉलेजांना एवढी सूट पुरली, प्रकरणं होस्टेलच्या गेटबाहेर पडेनात. मग सीबीआयचे माजी संचालक आर. के. राघवन यांची समिती बसली आणि मे 2007 ला त्याच कोर्टाने सांगितलं की कॉलेजच्या कारवाईवर मुलाचं किंवा पालकांचं समाधान नसेल तर एफआयआर कॉलेजनेच करायचा, मुद्दाम उशीर केला तर तोही निष्काळजीपणा धरू.

तरी मार्च 2009 मध्ये हिमाचलच्या टांडा मेडिकल कॉलेजात सिनियरांच्या मारहाणीत फर्स्ट इयरचा एक मुलगा गेला. त्याच वर्षी यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम आले, 24 तासांत एफआयआर, अ‍ॅफिडेव्हिट वगैरे, आणि देशभरासाठी हेल्पलाईनही (1800-180-5522). इंजिनिअरिंगसारखी तंत्रशिक्षणाची कॉलेजं बघणाऱ्या एआयसीटीईने तर असंही लिहून टाकलं की रॅगिंग सोसून किंवा बघून गप्प बसलेल्या नव्या पोरांनाही शिक्षा होईल. हे मला अजिबात पटत नाही. ज्याला रात्री त्याच होस्टेलात झोपायचंय, तो सकाळी नाव कसं सांगणार?

2019 ला मुंबईत एका निवासी डॉक्टर मुलीने आत्महत्या केली तेव्हा तीन सिनियर डॉक्टरांवर बाकी कलमांसोबत हा 1999 चा कायदाही लागला. घरच्यांचं म्हणणं होतं की त्यांनी आधीच वरिष्ठांच्या कानावर घातलं होतं. कायद्यात मात्र लेखी तक्रार लिहिलंय.